फोटो काढाल, पण कशासाठी?

मैत्रिणींनो, आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते आणि मग पुढचे बोलते. नाहीतर तुम्ही म्हणाल, "ही बाई शाळेत शिकवते ना, म्हणून इथेही शिकवायला बसली!"

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. मार्च संपत आला होता. आमच्या चंद्रपूरचे ऊन तुम्हाला ऐकून तरी ठाऊक असेलच. सकाळी नऊनंतर अंगणात पाऊल ठेववत नाही. आमच्या कुंपणावर मधुमालतीचा दाट वेल आहे. त्या वेलात बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले. घरटे कसले, आमटीची वाटी असावी एवढेच! त्यात तीन अंडी. माझी धाकटी तेव्हा सातवीत होती. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी वेलापाशी. त्याच दिवाळीत ह्यांनी बोनसच्या पैशांतून घरात कॅमेरा आणला होता. पिल्ले बाहेर आली आणि आम्हा मायलेकींना फोटोचे वेडच लागले.

पण पाने मधे येत होती. पिल्लांची तोंडे नीट दिसेनात. मी घरातून कात्री आणली आणि दोन डहाळ्या छाटल्या. रोज पालेभाजी निवडणारे हात आपले, चार पाने खुडायला कितीसा वेळ लागणार? फोटो मात्र असा आला म्हणता! तीन लालचुटूक उघडी तोंडे आणि वर चोचीत किडा धरलेली आई. सगळ्या नातेवाइकांना पाठवला. "वहिनी, तुम्ही तर कलाकार निघालात," असे दिरांनी कळवले. दोन दिवस मी हवेतच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे. समोर भिंतीवर कावळा बसलेला, आणि बुलबुलाची जोडी वेलाभोवती ओरडत घिरट्या घालते आहे. धाकटी थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "आई, आपण पानं कापली म्हणून त्याला दिसलं ना गं?"

मला उत्तर देता आले नाही. द्यायचे काय? उत्तर तिनेच दिले होते. त्या पानांचा आडोसा म्हणजे त्या पिल्लांच्या घराचे दार होते, आणि ते मी माझ्या हौसेसाठी काढून टाकले होते.

तेव्हापासून कॅमेरा हातात घेतला की मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. हा फोटो कोणाच्या उपयोगी पडणार? आणि त्याची किंमत कोण मोजणार? आजचा हा सगळा लेख त्या दोन प्रश्नांचाच आहे.

सगळ्यांना वाघच हवा

चंद्रपूरला सासर म्हटले की बाराही महिने पाहुणे. ते माझ्या हातच्या पुरणपोळीसाठी येतात असे समजू नका, ते येतात ताडोबासाठी! ताडोबा हे आपल्या राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली जाहीर झाले. पुढे १९९५ मध्ये ताडोबा आणि अंधारी अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्लीचे प्रवेशद्वार आमच्या गावापासून तीसेक किलोमीटरवर. आता दर घरी एक तरी पोरगा किंवा पोरगी कॅमेरा घेऊन जंगलात जायचे म्हणते. आमच्या गल्लीतच असे चार जण आहेत. आयांना काळजी, "अभ्यास सोडून हे काय वेड?" मला मात्र वेडाची काळजी नाही. वेड कोणत्या दिशेने जाते त्याची आहे.

घरट्याच्या प्रसंगानंतरच्या वर्षी पुण्याहून नणंद आणि तिची मुले आली. आम्ही सगळे सफारीला गेलो. भल्या पहाटे उघड्या जिप्सीत बसलो. अंगाला गार वारा, पानांचा सडा, ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी साल, मधेच पांढरेशुभ्र उघडे खोड घेऊन उभे असलेले भुताचे झाड. मला तर तेवढ्यानेच पोटभर झाले होते. पण पोरांचे एकच, "वाघ कुठाय?"

आणि एका वळणावर गर्दी दिसली. दहा-बारा जिप्स्या एकामागे एक. पुढे रस्त्याच्या कडेला वाघीण. तिला रस्ता ओलांडून पलीकडे पाण्यावर जायचे होते, एवढे माझ्यासारख्या अडाणी बाईलाही कळत होते. पण प्रत्येक गाडी पुढे सरकत होती. कॅमेऱ्यांची कटकट, "जरा पुढे घे, पुढे घे" अशी कुजबुज. वाघीण दोनदा पुढे आली आणि दोनदा मागे फिरली. शेवटी गवतात बसून राहिली. आमच्या पोरांना फोटो मिळाला. तिला पाणी मिळाले की नाही, कोण जाणे.

हे फक्त आमच्याच डोळ्यांना दिसले असे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मधे अडकले. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. ज्यांनी ते दृश्य टिपले, त्यांच्या चित्रफितीनेच गाड्यांचा गुन्हा उघड केला, हेही विसरू नका. कॅमेरा तोच असतो. एक त्याने वाट अडवतो, दुसरा वाट अडवणाऱ्याला पकडून देतो.

परत येताना आम्ही प्रवेशद्वाराबाहेर चहाला थांबलो. टपरीवर एक बाई चहा देत होती. वय चाळिशीचे, कपाळावर ठसठशीत कुंकू. पोरे तिला कॅमेऱ्यातला वाघ दाखवू लागली. तिने पाहिला आणि हसली.

"बाप्पा! येवढे पैसे देऊन तुमी वाग पाहाले येता जी? आमाले तर तो मोहाखाली फुकटातच दिसते. पण आमी फोटो नाही काढत. आमी पळतो."

सगळे हसले. मीही हसले. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य मनातून जाईना. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. पहाटे अंधारात बायका टोपल्या घेऊन निघतात, कारण फुले पहाटेच गळतात. मग मे महिन्यात तेंदूपत्ता. वाकून, बसून, पाने खुडत जंगलात फिरायचे. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असे वनखात्याचे लोक सांगतात. १० मे २०२५ रोजी आमच्या जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्याही घरी चूल थांबली असेल, लेकरे वाट पाहत बसली असतील.

आपण ज्याचा फोटो दिवाणखान्यात लावतो, त्याच्या शेजारी त्या बायका राहतात. जंगलाचा फोटो काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याने जंगल पाहिलेच नाही, असे मी म्हणेन.

वाघीण एकच, चित्रे तीन

ताडोबाची माया तुम्ही नक्की पाहिली असेल. प्रत्यक्ष नसेल तर कॅलेंडरवर, मोबाइलवर कुठेतरी. पांढरपौनी भागातली ही वाघीण. बछड्यांना घेऊन तळ्याकाठी बसलेल्या मायाचे किती फोटो निघाले असतील, देव जाणे. लोक तिला राणीच म्हणत.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा परिक्षेत्रात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेसाठी खुणा नोंदवायला पायी गेल्या होत्या. त्यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्या गेल्या. ती वाघीण माया होती. कॅलेंडरवरची राणी आणि एका घरातली कर्ती बाई हिरावून नेणारी, दोन्ही एकच. पुढे २०२३ च्या ऑगस्टनंतर माया कोणाला दिसेनाशी झाली. जंगलात सापडलेले अवशेष तिचेच, असे डीएनए तपासणीत ठरले.

मग खरी माया कोणती? मला वाटते, सगळ्याच खऱ्या. वाघीण दुष्टही नसते आणि राणीही नसते. ती आपले पोट आणि आपली पिल्ले सांभाळते. नुसता सुंदर फोटो आपल्याला अर्धेच सांगतो. म्हणून उरलेले अर्धे सांगणारी माणसे हवीत, आणि सुदैवाने तशी तरुण मुले-मुली आज पुढे येत आहेत.

पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर या मुलीचेच पाहा. तिने याच मायावर 'टायगर क्वीन ऑफ तारू' हा माहितीपट केला. (तारू म्हणजे ताडोबाचा देव. वाघाशी झुंजताना गेलेला गोंडांचा नायक. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे.) एक सफारी करून असे काम होत नाही. त्यासाठी एकाच वाघिणीचा माग वारंवार घ्यावा लागतो. त्याआधी तिने उरणजवळच्या पाणजे या पाणथळ जागेवर माहितीपट केला होता, तो दूरदर्शनवर दाखवला गेला. परदेशातून येणारे पक्षी जिथे उतरतात ती जागा भरावाखाली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. आणि २०२० साली लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या स्पर्धेत तिच्या ज्या फोटोचा गौरव झाला, तो वाघाचा नव्हताच मुळी! भंडारदऱ्याच्या रानात काजव्यांनी उजळलेल्या झाडाचा होता. आपल्या आजोळी अंगणात दिसायचे, तेच काजवे.

तेव्हा ज्या घरात मुलगी कॅमेरा मागते आहे, त्या घरच्या आईला माझे सांगणे: "मुलीच्या जातीला जंगल कशाला?" असे म्हणू नका. आज ताडोबात पर्यटकांना फिरवणाऱ्या गाइडमध्ये आसपासच्या गावांतल्या बायका आहेत, जिप्सी चालवणाऱ्याही आहेत. स्वाती ढुमणे तर जंगल राखता राखता गेल्या. आपल्या मुलींसाठी ते परके राहिलेले नाही.

कामाला लागलेले फोटो

"फोटोचा उपयोग तो काय? पाहायचा आणि ठेवून द्यायचा," असे आमच्या सासूबाई म्हणतात. त्यांना मी जे सांगते, ते तुम्हालाही सांगते.

पूर्वी वाघ मोजायचे ते पावलांच्या ठशांवरून. ठसा काचेवर उतरवायचा, नाहीतर त्यात प्लॅस्टर ओतून साचा काढायचा. त्यात चुका फार होत. आता जंगलातल्या वाटांवर झाडांना गुडघ्याएवढ्या उंचीवर कॅमेरे बांधतात. समोरून जनावर गेले की फोटो आपोआप निघतो. कॅमेरे नेहमी जोडीने, वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. का, माहीत आहे? वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. आणि दोन वाघांचे तर कधीच सारखे नसतात. जशा आपल्या हाताच्या रेषा, तसे त्यांचे पट्टे. २०२२ च्या देशव्यापी गणनेत अशा कॅमेऱ्यांनी चार कोटी सत्तर लाखांहून जास्त फोटो काढले. त्यांत वाघांचे फोटो सुमारे सत्त्याण्णव हजार. त्यावरूनच कळले की २००६ साली महाराष्ट्रात १०३ वाघ होते, ते २०२२ मध्ये ४४४ झाले. यातला एकही फोटो भिंतीवर लावण्याजोगा नसेल. कुठे शेपूट तुटलेले, कुठे अर्धेच तोंड. पण उपयोग पाहा केवढा!

वाघ वाढले ही आनंदाची गोष्ट, पण जंगल तेवढेच. म्हणून वाघ गावाकडे येतात. मोहर्लीजवळ सीतारामपेठ नावाचे गाव आहे. तिथे गावाच्या कडेला कॅमेरे बसवले. वाघ गावाच्या दिशेने येताना दिसला की तो ओळखून यंत्र इशारा देते. चहाच्या टपरीवरच्या त्या बाईसारख्या कितीजणींसाठी हा फोटो म्हणजे जीव वाचवणारी हाक. अशा फोटोला कोणी बक्षीस देत नाही. मी असते तर पहिले दिले असते.

आणखी एक चित्र सांगते. २०२४ च्या फेब्रुवारीत एक चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. निमढेला बफर भागात, रामदेगीच्या टेकड्यांकडे, भानुसखिंडी वाघिणीचा बछडा पाणवठ्यातून प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून निघाला आहे. दीप काठीकर या छायाचित्रकाराने ती टिपली होती. डरकाळी नाही, शिकार नाही. पण ती पाहून माझ्या वर्गातल्या पोरांनी जे केले ते मी वर्षभर कंठशोष करून झाले नसते. सहलीला जाताना त्यांनी स्वतःहून एक रिकामी पिशवी घेतली, आणि येताना सगळ्यांचा कचरा त्यात भरून आणला.

याला मी कामाला लागलेला फोटो म्हणते.

माहेरचा कोसा

हे वाचून, "आमच्या गावाजवळ कुठे आलाय वाघ?" असे म्हणून कॅमेरा कपाटात ठेवू नका. वाघ नको, असे उलट मी म्हणेन. आता माझ्या माहेरची गोष्ट ऐका.

माझे माहेर आरमोरीचे, वैनगंगेच्या काठचे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण आमच्या वडील माणसांच्या तोंडी अजून 'चांदा जिल्हा'च आहे. आरमोरी कोशासाठी प्रसिद्ध. आपण लग्नकार्यात कोशाची साडी नेसतो, तिच्यावरून हात फिरवतो. पण तो धागा कुठून येतो, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिले आहे?

माझा भाचा कॉलेजात आहे. त्यालाही कॅमेऱ्याचे वेड, आणि त्यालाही वाघच हवा होता. सफारीचे पैसे मिळाले नाहीत म्हणून तो रुसून बसला होता. त्याला म्हटले, "अरे, तुझ्या मागच्या रानात ऐनाची झाडं आहेत ना? त्यावर काय चालतं ते पाहून ये." गेल्या पावसाळ्यात तो कोशाचे किडे पाळणाऱ्या एका कुटुंबाकडे रोज सायकलने जाऊ लागला.

कोशाचे किडे तुतीच्या रेशमासारखे घरात, सुपात वाढत नाहीत. ते उघड्या रानात ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावरच वाढतात. हिरवेगार, बोटाएवढे जाड. पानांत असे मिसळून जातात की जवळून पाहिले तरी दिसू नयेत. पक्षी, मुंग्या, पाऊस यांपासून त्यांची राखण करावी लागते. घरची माणसे पहाटेपासून झाडाखाली असतात, पाने संपली की किडे दुसऱ्या झाडावर नेऊन सोडतात. कात टाकत टाकत किडा वाढतो आणि मग आपल्याभोवती कोसा विणतो. टणक, अंड्याच्या आकाराचा, आणि फांदीला घट्ट बांधलेला देठ! त्यातून निघणारा पतंग तळहाताएवढा. त्याला खायला तोंडच नसते. काही दिवस जगतो, मादी दीड-दोनशे अंडी घालते, की संपले त्याचे आयुष्य.

भाच्याने हे सगळे क्रमाने टिपले. अंडे, अळी, कात, कोसा, पतंग. आणि त्याबरोबर भर पावसात डोक्यावर घोंगडी घेऊन झाडाखाली बसलेली त्या घरची बाई, उकळत्या पाण्यात कोसे सोडणारे हात, चरख्यावरचा धागा. एकही गोष्ट त्याने मुद्दाम मांडून घेतली नाही. मी ते फोटो मोठे करून शाळेत लावले. पुस्तकातले 'कीटकाचे जीवनचक्र' आमची मुले दर वर्षी पाठ करतात आणि दर वर्षी विसरतात. या वर्षी विसरली नाहीत. आणि ज्यांचे फोटो होते त्या कुटुंबालाही भाच्याने एक संच नेऊन दिला. ती बाई म्हणाली, "साडी नेसनारीले दाखवा जी हे. तिले बी कळू द्या."

म्हणून तुम्हाला दाखवते आहे.

माणसांचा फोटो काढताना

जंगलाचा फोटो म्हटला की त्यात माणसेही येतात, आणि इथे तर आपण फार चुकतो. आमच्या शाळेची सहल भामरागडकडे गेली होती. तिथे तीन नद्यांचा संगम आहे, आणि जवळच हेमलकसा. तिथला लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे आयुष्य वेचले. वाटेत आलापल्लीचे ते जुने, आभाळाला टेकलेले सागवानही पाहिले. २०१४ मध्ये ती जागा राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ झाली.

तिथल्या बाजारात एक माडिया आजी बसली होती. अंगभर गोंदण, गळ्यात मण्यांच्या माळा. आमच्याबरोबरच्या एका बाईंनी न विचारता तिच्या तोंडाजवळ मोबाइल नेला. आजीने पदर ओढून मान फिरवली. बाई दुसऱ्या बाजूने गेल्या. आजी पुन्हा वळली.

मला फार लाजल्यासारखे झाले. आपण केस विंचरत ओट्यावर बसलो असताना कोणी परका येऊन फोटो काढू लागला तर आपल्याला चालेल का? आधी बसावे, चार शब्द बोलावेत, भाषा येत नसेल तर खुणेने विचारावे. नाही म्हणाली तर नाही. ती काही पाखरू नाही, आणि पाखरालाही आपण मान फिरवायला लावू नये.

एवढे लक्षात ठेवा

आता आपल्या नेहमीच्या पद्धतीने थोडे उपयोगाचे. हे मी चुकत चुकत शिकले आहे.

१. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. साधा मोबाइल घ्या. ताडोबाच्या सफारीत मात्र मोबाइलला बंदी आहे, तेव्हा तो अंगणासाठी. सकाळी नऊच्या आतला किंवा संध्याकाळी पाचनंतरचा उजेड मऊ असतो. दुपारच्या उन्हात सगळे पांढरे फटक दिसते.

२. एकच झाड निवडा आणि वर्षभर दर महिन्याला त्याच जागेवरून त्याचा फोटो काढा. पळस, मोह, कडुलिंब, काहीही. बारा फोटो शेजारी ठेवा. मुलांना ऋतू शिकवावे लागणार नाहीत.

३. प्रत्येक फोटोबरोबर वहीत तारीख, वेळ आणि काय चालले होते ते एका ओळीत लिहा. नोंद नसलेला फोटो म्हणजे लेबल नसलेली बरणी. आत मीठ की साखर, वर्षाने कोणाला आठवते?

४. घरट्याजवळ जाऊ नका. पान तोडू नका, फ्लॅश मारू नका. पक्षी ओरडू लागला, पिल्लांकडे जायचा थांबला, की समजा आपण जास्त जवळ आलो. मागे फिरा.

५. जनावराला बोलावण्यासाठी आवाज काढू नका, खायला टाकू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. गाइडला "अजून पुढे घ्या" म्हणू नका. त्याच्यावर दंड आणि बंदी येऊ शकते, आपण तर घरी निघून जातो.

६. दुर्मीळ जनावर किंवा घरटे दिसले तर नेमकी जागा आणि वेळ सगळ्यांना कळवू नका. आपली पोस्ट शिकारीही वाचतो. २०२५ च्या जानेवारीत आमच्या राजुरा भागात वाघाच्या शिकारीतला मोठा आरोपी पकडला गेला, म्हणजे धोका नुसता ऐकीव नाही. नोंद द्यायची तर ती वनखात्याला द्या.

७. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते. कॅमेरा कातडी पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, त्यातल्या खड्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. डब्यावर ठळक लिहा, नाहीतर पाहुण्या बाई त्यात लाडू शोधायच्या! आणि पुड्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

८. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. त्या आठवड्यात मुलांना सांगा, घरातून दिसणाऱ्या दहा पक्ष्यांची नावे आणि फोटो जमवा. दहा होतात की नाही पाहाच.

पुन्हा ती मधुमालती

यंदा फाल्गुनात मधुमालतीत पुन्हा बुलबुल आले. तेच की दुसरे, कोणाला ठाऊक. धाकटी आता दहावीत आहे. तिनेच पहिल्या दिवशी सांगितले, "आई, या वेळी कात्री नाही हं." तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत टेबल ठेवले, पडदा अर्धा ओढला आणि मागे बसून वहीत नोंदी करू लागली. आई किती वेळा येते, चोचीत काय आणते, बाप येतो का. अभ्यासाचे वर्ष, म्हणून मी रागवायची तयारी केली होती. पण पोरगी दिवसाकाठी अर्धा तासच बसे, आणि बाकीचा वेळ हाक न मारता अभ्यास करी. तेव्हा गप्प बसले.

तिच्या नोंदीत पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट निघाली. मी दुपारी त्या वेलाशेजारच्या तारेवर कपडे वाळत घालायला गेले की पक्षी घरट्याकडे यायचे थांबत. मग मी तार दुसऱ्या भिंतीला बांधली. त्यासाठी ह्यांना दोन रविवार मागे लागावे लागले, ती वेगळी कथा.

फोटो एकच निघाला. पाने मधे आलेली, पिल्लांपैकी एकाचे नुसते डोके दिसते, आईची शेपटी अर्धी कापली गेली आहे. दिरांना पाठवला तर त्यांचे उत्तर आले, "वहिनी, मागचा छान होता, यात तर काहीच दिसत नाही."

बरोबर आहे त्यांचे. कावळ्यालाही काहीच दिसले नाही. पिल्ले उडून गेली.